आज टी-शर्ट, उद्या हिमवादळ! अमेरिकेच्या उंच मैदानांवरचा वसंत इतका लहरी का?

कोलोरॅडो, कॅन्सस, नेब्रास्का या पट्ट्यात मार्च-एप्रिलमध्ये आज टी-शर्टवर फिरणारे लोक उद्या अंगणातला बर्फ उपसताना दिसतात. असे का होते?

उत्तर भूगोलात आहे. पश्चिमेच्या रॉकी पर्वतावरून उतरणारा कोरडा ‘चिनूक’ वारा दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी तापतो. मेक्सिकोच्या आखातातून दमट हवा येते. आणि कॅनडातली थंडी अडवायला आपल्या हिमालयासारखी आडवी भिंतच नाही. त्यामुळे वारा फिरला की ऋतूच फिरतो. १३ मार्च २०१९ रोजी अशाच ‘बॉम्ब सायक्लोन’ने डेन्व्हरचा विमानतळ ठप्प केला होता.

खरा फटका गव्हाला बसतो. शरद ऋतूत पेरलेला हा गहू कडाक्याची थंडी सोसतो. पण वसंतात ऊब मिळून कांडी धरू लागला, की उणे चार अंशांची दोन तासांची थंडीही त्याला पुरते. ऊब जितकी लवकर, तितका धोका मोठा. म्हणूनच हवामान अ‍ॅपने आठवड्याच्या सरासरीपेक्षा पारा किती तासांत किती घसरणार, हे आधी सांगायला हवे. शेतकऱ्याचे नुकसान सरासरीने होत नाही, एका रात्रीने होते.