पंप मारल्यावर येतो, तो ब्रेक नव्हे!

गेल्या महिन्यातील गोष्ट. आमच्या चाळीतील एक तरुण दुसऱ्याच्या मालकीची जुनी व्हॅन चालवतो. सकाळ-दुपार शाळेची मुले नेणे-आणणे हे त्याचे काम. पगार ठरलेला, घरात आई, बायको आणि दोन लेकरे. रविवारी सकाळी नळावर भेटला, तेव्हा सहज बोलून गेला, "काका, ब्रेकचं पेडल हल्ली खाली बसतं. पण दोनदा पंप मारला की वर येतं. शेठ म्हणतात, परीक्षा होऊ दे, मग बघू."

तो सहज बोलला, पण आमच्या मनातून ते जाईना. त्या व्हॅनमध्ये आमच्याच चाळीची नऊ मुले बसतात.

आम्ही पेशाने कारकून. परंतु तरुणपणी संध्याकाळी एका गॅरेजात हिशेब लिहायला जात होतो. तेथे मिस्त्रींच्या शेजारी उभे राहून जे पाहिले, ते आजही उपयोगी पडते. वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात कोणी ना कोणी टॅक्सी, टेम्पो किंवा शाळेची गाडी चालवतो. म्हणून हा विषय आज घेतला.

ब्रेकची रचना तशी सोपी आहे. आपण पेडल दाबतो, तेव्हा मास्टर सिलिंडरमधील ब्रेक ऑईल नळ्यांतून चारही चाकांकडे रेटले जाते आणि चाक धरले जाते. ऑईल दाबले तरी आकसत नाही, म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा चाकापर्यंत पोचतो. हवा मात्र आकसते. नळीत हवा शिरली की आपला जोर ती हवा दाबण्यातच खर्च होतो. आणि ऑईल कोठून निसटू लागले, तर पेडल खाली जाते.

पेडलची तक्रार तीन प्रकारची असते. पाय ठेवल्यावर स्पंजासारखे मऊ लागत असेल, तर बहुधा हवा धरलेली असते. खूप खाली जाते पण तेथे कडक होते आणि दुसऱ्या दाबाला वर येते, असे असेल तर बहुधा मागच्या ड्रममधील लायनर झिजून अंतर वाढलेले असते. आणि पाय दाबून धरला असता पेडल हळूहळू बसत जात असेल, तर ऑईल बाहेर गळते आहे किंवा मास्टर सिलिंडरमधील रबरी वायसर निकामी झाले आहेत. हा तिसरा प्रकार सर्वांत वाईट.

आम्ही दोघांनी व्हॅन सपाट जागी उभी केली, चाकांना दगड लावले. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबले, म्हणजे बूस्टरमधील जोर संपतो. मग त्याला सांगितले, "आता जोरात दाब आणि पाय तसाच धरून ठेव." चांगल्या गाडीत पेडल जागेवर घट्ट राहते. पाय तसाच ठेवून इंजिन चालू केले की ते किंचित खाली येऊन थांबते. तो बूस्टरचा गुण आहे, त्याला दोष समजू नये. या व्हॅनचे पेडल इंजिन बंद असतानाच अर्ध्या मिनिटात तळाला गेले.

मग ऑईलचा डबा पाहिला. त्यावर कमी-जास्तीच्या दोन खुणा असतात. हा डबा म्हणजे रोजकीर्दच समजा. शिल्लक घटत असेल, तर खर्च कोठे झाला ते शोधलेच पाहिजे. पॅड झिजतात तसे ऑईल थोडे उतरते, पण भराभर उतरत असेल तर गळती आहे. चाकांच्या आतल्या बाजू, रबरी नळ्या, सांधे आणि मास्टर सिलिंडरची मागची बाजू पाहावी. ऑईल लायनरवर उतरले असेल, तर ते पुसून भागत नाही, लायनर बदलावे लागतात. या व्हॅनमध्ये शिल्लक जागेवर होती, कोठेही ओल नव्हती, तरी पेडल बसत होते. म्हणजे ऑईल सिलिंडरच्या आतल्या आतच मागे सरकत होते.

त्याच दिवशी मिस्त्रींना दाखवले. सिलिंडर उघडला, तर आतली भिंत गंजून खडबडीत झालेली. अशा वेळी नुसते वायसरचे किट घातले, तर ते पुन्हा फाटते. पूर्ण सिलिंडर बदलणेच स्वस्त पडते. नंतर हवा काढावी लागते. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने चाकाचे निपल सोडायचे, बुडबुडे निघाले की निपल आवळायचे, मगच पाय उचलायचा. डब्यातील ऑईल मध्येच संपू द्यायचे नाही. निघालेले ऑईल पुन्हा वापरायचे नाही. गाडीच्या पुस्तकात डॉट ३ किंवा डॉट ४ जे लिहिले असेल, तेच घालावे. इंजिन ऑईल चुकूनही घालू नये, त्याने रबर फुगते. ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषते. ते जुने झाले की घाटात तापून उकळते, वाफ होते आणि ऐन उतारावर पेडल मऊ पडते. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलावे आणि उतार खालच्या गिअरमध्ये उतरावा.

चालत्या गाडीत पेडल बसलेच, तर इंजिन बंद करू नका. भराभर पंप मारा, एकेक गिअर खाली आणा, हँडब्रेक हळूहळू ओढा, हॉर्न वाजवत कडेला घ्या.

शेठ खर्चावरून चिडले. तेव्हा आम्ही त्या तरुणाकडून एक अर्ज लिहून घेतला : अमुक तारखेस ब्रेकमध्ये अमुक दोष आढळला, दुरुस्तीशिवाय गाडी रस्त्यावर काढणे धोक्याचे आहे. एक प्रत शेठना दिली, दुसरीवर त्यांची सही घेतली. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९० प्रमाणे धोकादायक दोष ठाऊक असून गाडी चालवणारा जसा दोषी, तसाच ती चालवायला लावणाराही दोषी. हे वाचून शेठनी मुकाट्याने पैसे दिले. दोन दिवस मुले पालकांबरोबर पायी शाळेत गेली. कोणाची तक्रार आली नाही.

आपल्या माणसांना नोकरी जाण्याची भीती असते, म्हणून ती पंप मारत राहतात. पण अपघात झाला, तर शेठ घरी असतात आणि स्टेअरिंगवर आपला मुलगा असतो. म्हणून भावांनो, पेडल बसले की आधी गाडी उभी करा आणि मग दोन ओळी लिहून द्या. तारीख घालायला विसरू नका.