यांबुकूच्या पाच सिरिंजा

इबोलाचे नाव निघाले की आम्हा कॅथलिकांना किक्विट आठवते. १९९५ साली झाईरमधील त्या शहरात रुग्णांची शुश्रूषा करताना सहा इटालियन धर्मभगिनींनी प्राण ठेवला. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांच्या वीरोचित सद्गुणांना मान्यता दिली. त्यांच्या स्मृतीपुढे आम्ही नतमस्तक आहोत.

परंतु यांबुकू आम्ही का विसरतो? १९७६ साली त्याच देशातील यांबुकूच्या कॅथलिक मिशन रुग्णालयात डॉक्टर नव्हता. रोज सकाळी परिचारिकांना पाच सिरिंजा मिळत. एका रुग्णाला टोचलेली सिरिंज कोमट पाण्यात खळबळून दुसऱ्याला टोचली जाई. त्या साथीत ३१८ जणांना लागण झाली, २८० दगावले. केवळ सुईतून ज्यांना लागण झाली, त्यांतील एकही वाचला नाही. १७ कर्मचाऱ्यांपैकी ११ गेले. अखेर रुग्णालय बंद पडले, तेव्हा कुठे साथ ओसरली.

याला 'ईश्वरी इच्छा' म्हणणे आम्हांस मान्य नाही. त्या भगिनींच्या ठायी दयेची उणीव नव्हती. उणीव होती निर्जंतुक सुयांची आणि हातमोज्यांची. ती भरून काढणे त्यांना पाठवणाऱ्यांचे, म्हणजे आम्हा सर्वांचे कर्तव्य होते. आम्ही मात्र मिशन रविवारी नाणे टाकतो, हौतात्म्यावर प्रवचन ऐकतो आणि सिस्टरच्या हाती मोजे आहेत का, हे विचारीत नाही.

शुभवर्तमानातील शोमरोनी नुसता कळवळला नाही. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या आणि उतारशाळेचा खर्चही आगाऊ चुकता केला. कळवळा आम्हांपाशी पुष्कळ आहे; तो खर्च कोण करणार?