पेटी घरातच राहू द्या!



पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही चामोर्शीत एका आजीकडे गेलो होतो. घरात पत्र्याची जुनी पेटी. तीत 'जनता'चे काही अंक, हाताने लिहिलेली गाण्यांची वही आणि कडा झडलेला एक फोटो. आजीने सारे मायेने उलगडून दाखवले आणि पेटी मिटता मिटता म्हणाली, "पाहा बापू, पण नेऊ नका."

आजीचे काय चुकले? आमच्या वडिलांकडचे 'प्रबुद्ध भारत'चे अंक एका संस्थेने प्रदर्शनासाठी नेले होते. आपलीच माणसे म्हणून आम्ही पावतीही मागितली नाही. पुढे पदाधिकारी बदलले, कपाट बदलले, अंक गेले ते गेलेच. घरी उरलेले दोन अंक वाळवीने खाल्ले. तो दोष मात्र आमचाच!

बाबासाहेबांचे लेखन शासनाने 1979 पासून खंडरूपाने काढले. वसंत मून यांच्या संपादनाखाली 1990 साली 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत'ही पुन्हा लोकांच्या हाती आले. पण आजीच्या वहीतली गाणी कोणत्या खंडात सापडणार? 16 ऑक्टोबर 1956 ला चांद्याच्या दीक्षेला आपल्या गावातून कोण पायी गेले, कोण बैलगाडीने गेले, हे कोण लिहून ठेवणार? ती पिढी आता जवळजवळ संपली. जे काही उरले आहे ते पेट्यांत.

यावर तोड अशी की कागद ज्याचा त्याच्या घरी राहावा आणि त्याची संगणकातली प्रत सर्वांची व्हावी. हे आमच्या डोक्यातून निघालेले नाही. कॅरिबियन समुद्रातल्या देशांनी 2004 साली अमेरिकेतल्या विद्यापीठांना सोबत घेऊन असेच सामाईक ग्रंथालय उभे केले. आरंभीच्या सभासदांत हैतीचे राष्ट्रीय अभिलेखागार होते. हैती म्हणजे उसाच्या मळ्यांतल्या गुलामांनी मालकांना हरवून 1804 साली उभा केलेला देश. तिथे नियम साधा आहे. मूळ वस्तू आणि हक्क ज्या संस्थेचे तिच्याकडेच राहतात, ती फक्त प्रत दाखवण्याची परवानगी देते. यंत्रे आणि प्रशिक्षण यांचा भार मोठी विद्यापीठे उचलतात. 2010 साली हैतीत भूकंप होऊन ग्रंथालये पडली, तेव्हा ज्या कागदांची प्रत परगावी होती तेवढ्यांचा तरी घोर नव्हता.

आपल्या देशातही खरगपूरच्या आय.आय.टी.ने चालवलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय 19 जून 2018 रोजी राष्ट्राला अर्पण झाले. अनेक संस्थांच्या साठ्याची यादी तिथे एका ठिकाणी शोधता येते. पण जे कोणत्याच संस्थेकडे नोंदलेले नाही, ते दिल्लीत शोधा की खरगपूरला, मिळणार नाही.

आमची सूचना अशी. गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ, चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवरचे डॉ. आंबेडकर महाविद्यालय, तालुक्याची सार्वजनिक वाचनालये आणि गावोगावच्या विहार समित्या यांनी एका कागदावर सह्या कराव्यात. एकट्या संस्थेवर विसंबू नये. प्रती तीन ठिकाणी असाव्यात आणि एकाचे अध्यक्ष बदलले तरी बाकीचे दोघे जागे असावेत.

यादी करताना एक गोम आहे. 1956 च्या ऑक्टोबरात चांदा मध्य प्रदेशात होते. 1 नोव्हेंबरला ते मुंबई राज्यात आले, 1960 साली महाराष्ट्रात. पुढे चांद्याचे चंद्रपूर झाले आणि 26 ऑगस्ट 1982 ला गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. म्हणजे चामोर्शी जागची हलली नाही, पण तिच्या सरकारी कागदांवर जिल्हा आणि राज्य बदलत गेले! नुसते 'गडचिरोली' म्हणून शोधणाऱ्या पोराला 'चांदा' लिहिलेला कागद दिसणारच नाही. म्हणून नोंदीत जुने नाव, नवे नाव, गाव, साल आणि वस्तू कोणाच्या घरची, हे सारे हवे. फोटोतल्या माणसांची नावे तर आजच विचारून घ्या.

कायद्याचेही पाहावे लागेल. लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षे हक्क राहतो. बाबासाहेबांनी हयातीत छापलेले लेखन 1 जानेवारी 2017 पासून मोकळे आहे, मात्र अनुवाद असेल तर अनुवादकाचा हक्क वेगळा. गाण्यांच्या वहीसाठी त्या शाहिराच्या वारसांची लेखी संमती घ्या. 2012 च्या दुरुस्तीने, नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक वाचनालयाला स्वतःकडच्या पुस्तकाची प्रत जतनासाठी संगणकात ठेवता येते. पण जतन करणे निराळे आणि जगाला दाखवणे निराळे.

हे सारे आम्ही आजीला पुन्हा जाऊन समजावले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "मंग पेटी कुठं जाईन?" कुठेच नाही, म्हटले. यंत्र तुमच्या ओसरीवर येईल, पान तुमच्या डोळ्यांसमोर उलटले जाईल, पावती तुमच्या हातात राहील. आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, दिवाळीनंतर या, तेव्हा नात घरी असते, ती वाचून दाखवील कागदावर काय लिहिलंय ते. मगच अंगठा.

आम्ही दिवाळीनंतर जाणार आहोत. कागदाचा मसुदा तोवर तयार हवा.