कोंडवाडा हे आधी प्रतीक नव्हे

दया पवारांच्या 'कोंडवाडा' (१९७४) या कवितासंग्रहावर 'शीर्षकाची प्रतीकात्मकता स्पष्ट करा' असा प्रश्न आम्ही वर्षानुवर्षे विचारत आलो आहोत. उत्तरेही ठरलेली असतात : कोंडवाडा म्हणजे जातिव्यवस्था, कोंडमारा, घुसमट. अशा उत्तरांना आम्ही चांगले गुण दिले. आता त्या गुणदानाची आम्हाला लाज वाटते.

कारण कोंडवाडा ही आधी एक सरकारी व्यवस्था होती. १८७१ च्या इंग्रजी कायद्याने तिला बळ दिले. दुसऱ्याच्या पिकात तोंड घातलेले जनावर तेथे कोंडायचे; मालकाने दंड आणि वर चारापाण्याचा खर्च भरून ते सोडवायचे; न सोडवल्यास लिलाव. जनावराचा गुन्हा एवढाच की ते भुकेले होते. त्याचे चरण्याचे रान कोणी बंद केले, हे कायदा विचारत नव्हता. ते जोतीराव फुल्यांनी विचारले. डोंगर, दऱ्या आणि गायराने जंगलखात्याने गिळल्यामुळे शेतकऱ्याच्या गुरांना चरायला जागा उरली नाही, ही तक्रार 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) मध्ये आहे. एका हाताने कुंपण, दुसऱ्या हाताने कोंडवाडा. भूक अशी घडवली जाते.

आमची समीक्षा मात्र भुकेला 'दाहक अनुभव' म्हणून मोकळी होते. अनुभव म्हटले की हळहळ पुरते. कुंपण म्हटले की ते कोणी घातले, हे विचारावे लागते.

'साहित्य म्हणजे समाजशास्त्र नव्हे' हा आक्षेप आम्हाला ठाऊक आहे; तो आम्हीही शिकवला आहे. पण शब्दशक्तींचा पहिला धडा काय सांगतो? अभिधेवाचून लक्षणा नाही. ज्या विद्यार्थ्याला कोंडवाड्याचा मुख्यार्थच ठाऊक नाही, त्याच्या मनात व्यंजना कशावर उभी राहणार?

आणि हा मुख्यार्थ इतिहासजमाही झालेला नाही. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा ५ किलो धान्याचा हक्क दिला. धान्य गोदामात आहे, हक्क कागदावर आहे; मध्ये रेशन दुकानातले अंगठ्याचे यंत्र आहे. राबून रेषा झिजलेला अंगठा त्याला ओळखता येत नाही. आमच्या एका विद्यार्थिनीची आई अशीच दोनदा रिकामी पिशवी घेऊन परतली. हे तिने आम्हाला सांगितले ते 'कोंडवाडा'वरचा तास संपल्यावर, वर्गाबाहेर. वर्गात बोलण्याजोगी ही गोष्ट आहे, असे तिला वाटलेच नाही. तसे वाटू न देणारे आम्हीच.

म्हणून यापुढे आम्ही प्रश्न बदलणार आहोत : कोंडवाडा कोणी बांधला, दंड कोणी भरला आणि रान मुळात कोणाचे होते? याची ठरीव उत्तरे मिळणार नाहीत, गुण देणे अवघड जाईल. जाऊ द्या.