शारीरिक शिक्षणाची पदवी आणि कर्जाचा हिशेब

पदवीचे निकाल लागू लागले की घराघरांत पुढील प्रवेशाची चर्चा सुरू होते. ज्या घरातील मुले कबड्डी, खो-खो किंवा कुस्तीच्या मैदानावर वाढली, तेथे बी.पी.एड.चा विषय हमखास निघतो. मैदानाची आवड, शिक्षकपदाची प्रतिष्ठा आणि नोकरीची शाश्वती असा तिहेरी लाभ या पदवीत आहे, ही आपल्या मध्यमवर्गाची जुनी समजूत. ती निराधार नव्हती. एका वर्षात पदवी पदरात पडे आणि अनुदानित शाळेत पूर्णवेळ वेतनाची जागा मिळण्याचा संभव बराच असे. त्या काळाच्या हिशेबावर आजही मुलांना कर्ज काढून प्रवेश दिला जातो, हे मात्र चिंताजनक आहे.

मधल्या काळात दोन गोष्टी परस्परविरुद्ध दिशांनी घडल्या. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीने हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला. शुल्क दोन वर्षांचे झाले, वसतिगृहाचा व खाणावळीचा खर्च दुप्पट झाला आणि मिळवत्या वयातील एक वर्ष अधिक गेले. दर्जा वाढावा हा हेतू योग्यच होता. परंतु त्याआधीच, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, तेही पट शंभराहून अधिक असेल तर, कला, कार्यशिक्षण आणि आरोग्य व शारीरिक शिक्षण यांकरिता 'अंशकालीन' निदेशकाची तरतूद केली होती. म्हणजे शिक्षण पूर्ण वेळ दोन वर्षांचे आणि कायद्याने सांगितलेली जागा अर्ध्या वेळची! महाराष्ट्रात २०१२ मध्ये शिक्षकभरती थांबली. त्यानंतर अभियोग्यता चाचणी झाली ती २०१७, २०२३ आणि २०२५ या वर्षी. दोन चाचण्यांमधील वर्षे उमेदवार कसा काढतो, याचा विचार कोणत्याही माहितीपत्रकात नसतो.

आता थोडे गणित. शुल्क, गणवेश, शिबिरे व निवास मिळून दोन वर्षांसाठी दोन लाख रुपये कर्ज काढले, दर वर्षी एक लाख उचलले आणि व्याज दहा टक्के आहे, असे धरू. शैक्षणिक कर्जात शिक्षणाचा काळ आणि त्यापुढील एक वर्ष हप्ता नसतो. पालकांना हा दिलासा वाटतो. व्याज मात्र त्या काळातही चालूच असते. ते न भरल्यास सरळ व्याजानेच सुमारे ५० हजारांची भर पडते. अडीच लाखांची फेड सात वर्षांत करायची, तर मासिक हप्ता ४,१५० रुपयांच्या घरात जातो आणि एकूण भरणा साडेतीन लाखांच्या जवळ पोहोचतो. माध्यमिक शाळेतील शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ मध्ये १८ हजार झाले; त्यातूनही हा हप्ता जवळजवळ चौथा हिस्सा नेतो. आणि ही जागा तर भाग्यवंतांची. विनाअनुदानित शाळेत दहा हजारांवर काम पत्करलेल्या तरुणाचे काय? सुट्टीचे मानधन न देणाऱ्या संस्थाही थोड्या नाहीत. दहा महिन्यांचे मानधन आणि बारा महिन्यांचे हप्ते, अशा वेळी वडिलांच्या निवृत्तिवेतनाला हात घालावा लागतो.

शारीरिक शिक्षण ही राष्ट्राच्या तरुणाईची सेवा आहे, तेथे पैशाचा हिशेब कशाला, असे म्हणणारे सज्जन भेटतात. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे, पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चे. अशा संस्थांची परंपरा लाभलेल्या प्रांतात हा भाव स्वाभाविक आहे. पण स्वतःहून पत्करलेला त्याग वेगळा आणि बँकेचा हप्ता डोक्यावर असलेल्या युवकावर लादलेले अपुरे मानधन वेगळे. पहिल्याची थोरवी सांगून दुसऱ्याचे समर्थन करणे हा अन्याय होय.

मग प्रवेश घेऊ नये काय? तसे नव्हे. अनुदानित वा शासकीय महाविद्यालयात जागा मिळत असेल आणि घरून जाऊन-येऊन शिकता येत असेल, तर अवश्य घ्यावा. विनाअनुदानित संस्थेत जाण्यापूर्वी शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेली रक्कम पाहावी आणि मागील तीन तुकड्यांतील किती जणांना कोठे, कोणत्या वेतनावर काम मिळाले, हे लेखी विचारावे. २०२४ ची पीएम-विद्यालक्ष्मी योजना निवडक दर्जेदार संस्थांपुरती आहे. आपले महाविद्यालय त्या यादीत आहे का, हे अर्जाआधी तपासावे. आमच्या मते कर्ज एक लाखाच्या वर जाऊ देऊ नये. वर उल्लेखिलेले दहा महिन्यांचे मानधन नेमके तेवढेच भरते. शिकत असतानाच व्याज भरत राहिल्यास हप्ता १,६६० रुपयांच्या आसपास राहतो. एखाद्या गृहसंकुलातील मुलांचा सायंकाळचा वर्ग घेऊनही तो भागू शकेल. शेत किंवा दागिने गहाण टाकण्याइतका परतावा मात्र या पदवीत आज नाही.

ज्याला शाळेपेक्षा प्रशिक्षणात रस आहे, त्याने पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या पदविकेचा विचार आधी करावा. महाविद्यालयीन क्रीडा संचालकाचे वेतन सहायक प्राध्यापकाच्या तोडीचे असते खरे. परंतु त्यासाठी एम.पी.एड. आणि नेट असा आणखी काही वर्षांचा प्रवास आहे आणि जागा मोजक्या. तो प्रवासही कर्जावरच करायचा असेल, तर दुसरे कर्ज काढण्याआधी पहिले किती फिटले, ते पाहावे.

आमच्या वाचकांत शिक्षणसंस्थांचे पदाधिकारी पुष्कळ आहेत. स्नेहसंमेलनात संचलन आणि मल्लखांब पाहून ते भारावतात, आंतरशालेय स्पर्धेतील ढाल कार्यालयात दर्शनी भागी मांडतात. ज्याने ही मुले तयार केली, त्या शिक्षकाच्या नेमणूकपत्रावर यंदाच्या जूनमध्ये बारा महिन्यांचे मानधन लिहिले जाईल, एवढे त्यांनी आपापल्या कार्यकारिणीत मंजूर करून घ्यावे.