पाय न टेकता

आमच्या वस्तीत जयंतीच्या आधीच्या आठवड्यात मुलांच्या खेळांच्या स्पर्धा होतात. संगीत खुर्ची, लिंबू-चमचा, पोत्यांची शर्यत आणि 'स्लो सायकल'. सायकलची ही शर्यत उलटी. जो सर्वांत शेवटी पोचेल त्याचा पहिला नंबर. ज्याचा पाय जमिनीला लागला तो बाद. लहानपणी आम्ही तीत दहा फुटांपलीकडे कधी गेलो नाही. एरवी रस्त्याने भन्नाट सायकल मारणारी पोरे तर शिट्टी वाजताच आडवी होत. बक्षीस न्यायचा तो दूध घालणारा एक मुलगा. त्याला दोन्ही बाजूंना कॅन लटकवून रोज पहाटे गल्लीबोळ हिंडावे लागत.

या शर्यतीची आठवण गेल्या १४ एप्रिलला झाली. पुणे स्टेशनजवळ बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी आम्ही स्वयंसेवक म्हणून उभे होतो. मुंगीला वाट मिळू नये अशी गर्दी. त्या गर्दीतून एक वाहतूक पोलीस मोटारसायकलवर आला. हॉर्न नाही, रेस नाही, आरडाओरडा नाही. माणसे चालत होती त्याहून हळू त्याची गाडी चालत होती आणि पन्नास-साठ पावलांत त्याचा पाय एकदाही जमिनीला लागला नाही. म्हाताऱ्या बाया आपण होऊन बाजूला होत होत्या. कडेवरच्या एका पोराने हात लांबवून त्याच्या आरशाला बोट लावले, तर तो हसला. आम्ही मनात म्हटले, हा स्लो सायकलचा पहिला नंबर.

वाचक म्हणतील, एवढ्याशा गोष्टीचे कौतुक कशाला? त्यासाठी २०१३ सालच्या पावसाळ्यातली एक हकिकत सांगितली पाहिजे.

कसल्याशा तक्रारीवरून संध्याकाळी दोन पोलीस एका गाडीवर आमच्या गल्लीत आले. गल्ली कशी, तर दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने दारात चढावे. त्यात पाण्याचे ड्रम, नळ आणि ओली फरशी. परत जाताना चालवणाऱ्याने हँडल पूर्ण वळवून गाडी फिरवायला घेतली. तेवढ्यात एक मूल आडवे पळाले. त्याने ब्रेक दाबला आणि गाडी दोघांसकट नळावरच्या एका बाईच्या पायावर पडली. हाड मोडले नाही, पण पाऊल टम्म सुजले. पोरे धावली. पोलीस तरुण होता, सर्वांदेखत पडल्याची त्याला लाज वाटली असावी, आणि लाजेचा राग व्हायला कितीसा वेळ लागतो! कोणी गाडीला हात घातला, कोणी वर्दीला लागला, बोलाचाली झाली. अर्ध्या तासात आमची तीन मुले चौकीत बसली होती आणि 'सरकारी कामात अडथळा' हे शब्द कानावर येत होते. तेव्हाचे भारतीय दंड विधानाचे कलम ३५३. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते १३२ झाले आहे.

त्या तिघांतला एक पोलीस भरतीची तयारी करीत होता. असा गुन्हा नावावर चढला तर चारित्र्य पडताळणीत काय होते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. आम्ही त्या बाईंना रिक्षात घालून चौकीत नेले. त्या सुजलेला पाय पुढे करून बसल्या आणि एकच सांगत राहिल्या, "साहेब, पोरगं माझ्या पायावरची गाडी उचलत होतं." रात्री एकच्या पुढे एक वयस्क हवालदार आले. सगळे ऐकून त्यांनी त्या तरुण पोलिसाला विचारले, "ब्रेक कुठला दाबलास?"

"पुढचा, साहेब."

हवालदार थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग मुलांना म्हणाले, जा घरी. बाईंच्या औषधाचे पैसे त्यांनी स्वतःच्या खिशातून दिले.

तो मुलगा पुढे दुसऱ्या प्रयत्नात भरती झाला. कुठे आहे ते लिहीत नाही. ब्रेकचे कोडे त्यानेच आम्हाला उलगडून सांगितले. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून, यंत्राचे आमचे ज्ञान पंक्चरपुरते. तरी जे समजले ते असे. दुचाकी वेगात असली की बरीचशी आपली आपण सावरते. का सावरते, हे शास्त्रज्ञांनाही अजून पुरते सुटलेले नाही. फिरत्या चाकाच्या भोवऱ्यासारख्या गुणामुळे, असे आपल्याला शाळेत सांगत. पण हॉलंडमधील डेल्फ्ट आणि अमेरिकेतील कॉर्नेल येथील संशोधकांनी २०११ साली तो गुण काढून टाकलेली सायकल बनवली, आणि वेगात ढकलल्यावर तीही स्वाराशिवाय सरळ चालली! असो. चालण्याच्या वेगावर आले की मात्र हा आधार जातो. तेथे गाडी उभी राहते ती फक्त चालवणाऱ्याच्या हातापायांवर.

म्हणून क्लच पूर्ण सोडायचा नाही, अर्धा धरायचा. रेस थोडी आणि एकसारखी द्यायची. वेग कमी-जास्त करायचा तो क्लचने आणि मागच्या ब्रेकवर हलका पाय ठेवून. मोटारसायकलच्या क्लचच्या प्लेटा बहुधा इंजिनच्या ऑइलमध्ये बुडालेल्या असतात, त्यामुळे मोटारीच्या क्लचपेक्षा हा छळ त्या जास्त सोसतात. हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक दाबला, की गाडी वळणाच्या आतल्या बाजूला कोसळते. आमच्या गल्लीत नेमके हेच झाले होते. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात असे. आजच्या गाड्यांत उलट आहे, म्हणून जुन्या मंडळींना सवय मोडून पुन्हा शिकावे लागले. वळताना गाडी आत कलू द्यायची आणि स्वतः बाहेरच्या बाजूला रेलायचे. सर्वांत अवघड काय, तर नजर. चाकाकडे बघितले की पडलात. जिथे जायचे आहे तिथे बघायचे. मागे जोडीदार असेल तर त्याने चुळबूळ करायची नाही, आणि गल्ली फारच अरुंद असेल तर सरळ उतरून चालावे. त्यात कमीपणा नाही.

दामिनी पथकातील भगिनी पुष्कळदा बिनगिअरच्या स्कूटरवर दिसतात. तिथे हातात क्लचच नसतो. डावा ब्रेक किंचित धरून त्याच्याविरुद्ध रेस द्यावी लागते. त्यातून २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना जोडब्रेक आला, म्हणजे डावा दाबला तरी पुढच्या चाकालाही थोडा लागतो. तेव्हा बोट अलगद हवे.

हे सारे शिकवता येते आणि मोजताही येते. जपानमध्ये मोटारसायकलच्या परवान्याच्या परीक्षेत ३० सेंटिमीटर रुंद आणि १५ मीटर लांब अशा फळीवरून गाडी न्यावी लागते. ती सावकाश नेली पाहिजे. मोठ्या गाडीला निदान १० सेकंद लागलेच पाहिजेत, लवकर गेलात तर गुण कापतात. म्हणजे ताशी पाच-साडेपाच किलोमीटर, माणसाच्या चालीचा वेग. ही तिथल्या सामान्य नागरिकाची परीक्षा. पोलिसांच्या मोटारसायकलस्वारांच्या तर वेगळ्या स्पर्धा भरतात. आपल्याकडे परवान्याला 'आठ'चा आकडा काढायला लावतात. तो मन लावून काढणारे किती आणि एजंटाच्या भरवशावर असणारे किती, हे पुणेकर जाणतो. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी परीक्षेत धावणे आणि गोळाफेक असते. चालक पदासाठी वाहन चालवण्याची चाचणी आहे, पण तीही चारचाकीची. आणि आमच्या गल्लीत चारचाकी शिरतच नाही! ११२ ला फोन केला तर दारापर्यंत येईल ती दुचाकीच. तेव्हा बीट मार्शलला गाडी देताना त्याला ती हळू चालवता येते का, हे तपासावे, अशी आमची सरळ मागणी आहे.

बोट दुसऱ्याकडे करताना आपल्या घरातलेही बोलले पाहिजे. मिरवणुकीच्या आदल्या रात्री सायलेन्सर काढून, तिघे-तिघे बसून गाड्या फिरवणारी पोरे आपलीच आहेत. त्यांना अजून कोणी विचारलेले नाही, की बाबा रे, तुला हळू चालवता येते काय?

यंदा विचारणार आहोत. स्पर्धांच्या यादीत आम्ही 'स्लो मोटारसायकल' घातली आहे. ३० सेंटिमीटरची, १५ मीटर लांब पट्टी चुन्याने आखायची, हेल्मेट सक्तीचे, मागे कोणी बसायचे नाही, १० सेकंदांच्या आत पोचला तो बाद. मंडळातल्या काही जणांची नाके मुरडली, पण ठराव झाला. आमच्या भागातील बीट मार्शलांनाही पत्र दिले आहे. एक जण येतो म्हणाला, दुसऱ्याने हसून विचारले, "पडलो तर फोटो काढणार नाही ना?" नाही काढणार, असे आम्ही लिहून दिले आहे. पहिली पट्टी त्याच नळाच्या गल्लीत आखायची असे बाईंचे म्हणणे होते, पण तिथे १५ मीटर सरळ जागाच नाही. म्हणून बुद्धविहारासमोरचे पटांगण ठरले. बाई शिट्टी वाजवणार आहेत.