स्वरुची भोजन, पण रुची कोणाची?

'बुफे'ला मराठीत 'स्वरुची भोजन' असा सुंदर प्रतिशब्द लाभला आणि निमंत्रणपत्रिकांतून तो रुळलाही. अर्थ सरळ आहे: ज्याने त्याने आपल्या आवडीप्रमाणे व भुकेप्रमाणे वाढून घ्यावे, यजमानाचा आग्रह नाही, पानात टाकल्याचा संकोच नाही. मोठ्यांच्या बाबतीत हे बहुतांशी खरेही आहे. परंतु आपल्या शहरातील एखाद्या बुफे रेस्टॉरंटमध्ये रविवारी दुपारी तासभर बसून पाहावे. त्या दालनात एक वर्ग असा दिसतो, की ज्याच्या रुचीला आणि भुकेला तेथे काडीचीही किंमत नाही. तो वर्ग लहान मुलांचा. बालरोगतज्ज्ञ या नात्याने माझी तक्रार रेस्टॉरंटांविषयी थोडी आणि पालकांविषयी अधिक आहे.

हैदराबादला भरपेट जेवणाचे वावडे कधीच नव्हते. आंध्र खानावळींतील अमर्याद 'मील्स' येथे जुनेच. दावतीचा दस्तरखान तर त्याहून जुना. २००६ साली मुंबईत सुरू झालेली 'बार्बेक्यू नेशन' आणि २०१३ साली हैदराबादेतच सुरू झालेली 'ॲब्सोल्यूट बार्बेक्यूज' यांसारख्या ठिकाणांनी मात्र ठरावीक रकमेत हवे तितके खाण्याला वाढदिवसाच्या रिवाजाचे रूप दिले. अशा ठिकाणची एक युक्ती मला मनापासून आवडते. टेबलावर एक लहानसा झेंडा असतो; तो उभा असेतोवर वाढपी कबाबांच्या सळया आणत राहतो, झेंडा खाली केला की थांबतो. 'पुरे' म्हणण्याची इतकी सभ्य सोय आपल्या पंगतीत नव्हती. (या शहरात ती विशेष उपयोगी, कारण तेलुगू पाहुण्याने पंगतीत 'चालु' म्हटले तर त्याचा अर्थ 'पुरे', आणि मराठी वाढप्यास ते 'चालू द्या' असे ऐकू येते!) पण हा झेंडा मोठ्यांच्या हाती असतो. मुलाचा झेंडा म्हणजे मिटलेले ओठ, वळवलेली मान, चमच्याच्या आड आलेला हात. तो खाली झालेला कोणी पाहत नाही.

याचे कारण उघड आहे. पैसे ठरलेले असतात. मुलांचा दर बहुधा वयावरून ठरतो. अगदी लहान ते फुकट, त्यापुढचे अर्ध्या तिकिटाचे. अर्धे तिकीट काढले, की वडिलांच्या मनात हिशेब सुरू होतो: "अजून काहीच खाल्ले नाहीस, एवढे तरी संपव." सहा वर्षांच्या मुलाने पनीरचे दोन तुकडे, मूठभर मक्याचे दाणे आणि थोडे आइस्क्रीम खाल्ले, तर त्याच्या पोटाच्या लेखी जेवण झाले, तिकिटाच्या लेखी ते नुकसान. मग बिर्याणी येते, खुबानी का मीठा येतो, आणि शेवटी चॉकलेटचे कारंजे. सोमवारी सकाळी ओकारी व पोटदुखीसाठी दवाखान्यात येणाऱ्या काही मुलांच्या आदल्या दिवसाच्या हकिकतीत हे अर्धे तिकीट सापडते. गंमत अशी, की त्याच मुलांच्या आया एरवी "डॉक्टर, हा काही खातच नाही, टॉनिक द्या," म्हणून आलेल्या असतात.

मुलांपुढे खरोखरच बुफे मांडला आणि त्यांना मोकळे सोडले तर काय होईल, हा प्रश्न अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ डॉ. क्लारा डेव्हिस यांना १९२० च्या दशकात पडला होता. अंगावरचे दूध नुकतेच सुटलेली पंधरा मुले त्यांनी निवडली. चौतीस साधे पदार्थ ठरवले: फळे, भाज्या, धान्ये, अंडी, दूध, मांस, मासे. त्यांतील काही प्रत्येक जेवणाला वेगवेगळ्या भांड्यांत समोर ठेवले जात. परिचारिकांना सक्त ताकीद होती, की आपणहून काही भरवायचे नाही, सुचवायचे नाही, चेहऱ्यावर पसंती-नापसंती दाखवायची नाही. मुलाने हात पुढे केला तरच चमचा उचलायचा. मुलांनी विचित्र न्याहाऱ्या केल्या. कोणी संत्र्याच्या रसाबरोबर यकृत खाल्ले. दोन मुलांची निवड एकसारखी निघाली नाही. पण सर्व मुले उत्तम वाढली. मुडदूस झालेल्या एका बालकाने समोर ठेवलेले कॉड माशाचे तेल आपणहून घेतले आणि आजार बरा झाल्यावर सोडून दिले! १९३९ साली हे निष्कर्ष मांडताना डॉ. डेव्हिस यांनी स्वतःच बजावले, की खरी युक्ती पदार्थांच्या यादीत होती. त्या यादीत साखर नव्हती, मैदा नव्हता. काय मांडायचे ते मोठ्यांनी ठरवले होते. किती खायचे ते मुलांनी.

आपण नेमके उलटे करतो. काय मांडायचे ते रेस्टॉरंटवर सोपवतो आणि किती खायचे ते स्वतः ठरवतो. २००० साली रोल्स, एंगेल व बर्च यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन वर्षांची मुले ताटात कितीही वाढले तरी जवळपास तेवढेच खात होती. पाच वर्षांची मुले मात्र जास्त वाढले की जास्त खात होती. मधल्या दोन वर्षांत भुकेचा आतला आवाज क्षीण होऊ लागतो. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात पाच ते नऊ वर्षांच्या सुमारे दहा टक्के मुलांत मधुमेहपूर्व अवस्था आढळली. महिन्यातून एकदाच्या बुफेने मधुमेह होत नाही, हे मान्य. परंतु भूक भागल्यावरही खात राहावे, हा धडा मात्र तेथे वाजतगाजत गिरवला जातो.

पंगतीचे गोडवे गाण्याचा माझा उद्देश नाही. तिच्यात जिलब्यांच्या पैजा होत्या, जातीचे भेद होते, आणि घरच्या बायका शेवटी उरलेसुरले खात. पण वाढपाला क्रम होता. वरणभात, मग पोळी, मग पुन्हा भात. दोन वाढींच्या मधे वेळ जाई आणि पोटाचा निरोप मेंदूपर्यंत पोचायला उसंत मिळे. बुफेत ती उसंत आपली आपण घ्यावी लागते.

रेस्टॉरंटांनी मुलांचा दर ताटावर ठरवावा, वयावर नव्हे; थोडे खाणाऱ्या मुलाचे थोडे पैसे. आणि राष्ट्रीय पोषण संस्था ज्या गावात आहे, तेथील डॉक्टरांच्या स्नेहसंमेलनात तरी काही बदल सहज व्हावेत. आपल्याकडे भाषणे लांबतात आणि मुलांना साडेनऊला जेवण मिळते. तोवर ती चिप्स व शीतपेयांवर असतात. मुलांचे जेवण साडेसातला सुरू करावे, त्यांच्यासाठी लहान ताटल्या व बुटके टेबल असावे, त्यावर वरणभात, कोशिंबीर, फळे व दही मांडावे, आणि गुलाबजाम मोठ्यांच्या टेबलावर न्यावेत. त्या बुटक्या टेबलापाशी एकाही आईवडिलांनी चमचा हातात धरू नये, एवढी व्यवस्था पुढील वर्षी माझ्याकडे द्यावी, अशी कार्यकारिणीला विनंती आहे.